तुराटीला टांगलेला लोटा

प्रणाली नावाच्या सहावीतल्या एका मुलीनं मला मदत केली. तिचे वडील नामदेवभाऊ, वणीच्या अलीकडच्या कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंग-प्रेसिंगचे चौकीदार. आधी तिचं नाव लिहितो आणि मग काय घडलं ते सांगतो, कारण आमच्या धंद्यात नेमकं उलटं होतं. वजन नीट उतरलं की शाबासकी मुकादमाला मिळते आणि दोराची गाठ कुणी मारली होती ते कुणी विचारत नाही. निदान कागदावर तरी मला तसं करायचं नाही.

मी स्वतः सातवीत शाळा सोडली. त्यामुळे लिहायला बसलो की अजून एकेक ओळ चार वेळा खोडतो. र्‍हस्व-दीर्घ संपादकांनी सांभाळून घ्यावं. ‘तुमच्या कामाबद्दल दिवाळी अंकासाठी लिहा’ असं त्यांनी म्हटलं तेव्हा मी तीन वेळा नाही म्हणालो. चौथ्यांदा हो म्हणालो ते या मुलीसाठी.

मी खलाशी. खलाशी म्हटलं की लोकांना जहाज आठवतं. आमचं घर दापोलीकडे, हर्णैच्या जवळ, खाडीच्या तोंडाशी. तेव्हा जहाजाशी नातं आहे. पण माझं सगळं आयुष्य समुद्रापासून लांब, जमिनीवर गेलं. जड वस्तू एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणारी जी माणसं, त्यांनाही खलाशीच म्हणतात. हत्यारं थोडी. पहार, पाचरा, लाकडी ठोकळे, लोखंडी पाइप, दोर, कप्प्या, चेन-पुली आणि विंच. विंच म्हणजे दोर गुंडाळून घेणारा लोखंडी रहाट; दांडा फिरवला की दोर येतो. या सामानावर मी एका देवळाची घंटा चढवली आहे, तिसऱ्या मजल्यावरून तिजोरी उतरवली आहे आणि राळेगावकडे एका कोरड्या विहिरीतून म्हैस बाहेर काढली आहे. म्हशीच्या वेळी मालकीणबाई काठावर बसून तिच्याशी सारखं बोलत होत्या. ‘येऊन राह्यली माय, आलीच आता, भिऊ नको.’ म्हैस मुळीच भ्यालेली नव्हती. भ्यालो होतो मी. लोखंड हललं तर कुठे जाईल ते सांगता येतं, म्हशीचं सांगता येत नाही.

मी सगळ्यालाच भितो. या धंद्यात ते वाईट नाही. पण माझी भीती जरा वेगळी होती आणि तिचं नाव गणू.

गणू माझा मामेभाऊ. त्याच्या बापानं, म्हणजे माझ्या मामानं, आम्हा दोघांना हा धंदा शिकवला. मामाचे नियम पुष्कळ, कारणं एकही नाही. उचल करण्याआधी नारळ फोडायचा आणि पहिली भकल, म्हणजे नारळाचा अर्धा तुकडा, गाठ मारणाऱ्याला द्यायची. उचल चालू असताना एकट्या मुकादमानं बोलायचं, बाकी सगळ्यांची तोंडं बंद. आणि तिसरा नियम, ‘एका कप्पीवर भरवसा ठेवू नको.’ का, असं विचारलं की म्हणायचा, “मी तुझा मामा हाय म्हणून.”

मामा गेल्यावर मुकादमकी माझ्याकडे आली. खानदेशातल्या एका गिरणीत एक मोठं लोखंडी चाक उतरवायचं होतं. वर सागाची जाडजूड तुळई. आदल्या दिवशी मी त्या तुळईला चेन-पुली बांधून चाक हातभर उचलून ठेवलं होतं. रात्रभर चाक तसंच लटकत राहिलं आणि तुळई हूं की चूं करेना. दुसऱ्या दिवशी नवी विंच आली. मी विचार केला, एवढी ताकद हाताशी आहे तर कप्प्यांचा पसारा कशाला? तुळईला एकच कप्पी बांधली, तिच्यावरून दोर टाकून खाली विंचला नेला, नारळ फोडला आणि ‘ओढा’ म्हणालो. चाक हललं, तुळई कडाडली आणि गणूचा डावा पाय घोट्यापासून गेला.

सगळे म्हणाले, तुळई कुजकी होती. मीही म्हणालो. गणूसुद्धा म्हणाला. पण मोडलेल्या टोकाला मी हात लावून पाहिला होता. आतलं लाकूड तांबूस होतं, कोरडं, सुगंधी. चाक तेच, तुळई तीच. काल पेललं आणि आज मोडलं, हे कसं? वाईट त्याहून पुढे होतं. दवाखान्यात गणू म्हणाला, “कुरकुर ऐकली व्हती मी. पण बोलायचा मान तुझा ना!”

त्यानंतर मी गावी राहू शकलो नाही. मामीच्या दारावरून गेल्याशिवाय आमच्या घराला वाट नाही. जिथे कुणी ओळखत नाही अशी कामं घेत घेत मी यवतमाळ जिल्ह्यात आलो.

ती कापसाची पडती वर्षं होती. ज्या जिनांच्या फाटकावर पूर्वी बैलगाड्यांची रांग हलत नसे, तिथे दाराच्या कडीला कोळ्यांची जाळी लागलेली. एकामागून एक जुने जिन बंद पडत होते आणि त्यांचं लोखंड भंगारात जात होतं. दुसऱ्यांचं काम संपलं की माझं सुरू व्हायचं. असला धंदा. गावात गेलो की चहाच्या टपरीवर माणसं जरा सरकून बसायची. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. मढं न्यायला आलेल्याशी कोण गप्पा मारतो?

वणीच्या अलीकडचा हा जिन त्यातलाच. रेचे, म्हणजे सरकी वेगळी काढणारी यंत्रं, आधीच गेली होती. राहिला होता गाठी बांधायचा जुना प्रेस. चार खांबांवर ओतीव लोखंडाचा माथा, चार-साडेचार टनांचा, दोन पुरुष उंचीवर. शेड अरुंद, त्यामुळे क्रेन आत येईना. तो माथा उचलून, बाजूला ओढून खाली घ्यायचा आणि ट्रकवर चढवायचा. माझी माणसं आसपासच्या गावची. पाच वाजले की सायकलीवर टांग टाकून घरी जायची. मी मात्र त्या शेडमध्येच राहायचो. हवेत कापसाचे तंतू अजून तरंगत होते. पोराला मिठी मारावी तशी सुकटीची पिशवी जवळ घेऊन बसायचो आणि वास घ्यायचो. तेवढंच गाव. रविवारी एसटीडी बूथवरून शेजाऱ्यांच्या घरी फोन लावायचो. आई येईपर्यंत पलीकडून कोंबड्यांचे आवाज ऐकू यायचे आणि आई आली की पाऊसपाण्याचं विचारून फोन ठेवायचो.

प्रणाली प्रथम भेटली ती भांडायला. फाटकाशेजारच्या खोलीत ती, आई आणि नामदेवभाऊ राहायचे. एके दिवशी शाळेतून आल्यावर दप्तर पाठीवर तसंच ठेवून ती माझ्यासमोर उभी राहिली.

“काका, माही पहार तुमी घेतली काय?”

“तुझी पहार?”

“थ्या भिंतीजवळ होती. तिच्यानं म्या दगड सरकवून राह्यलती. तरफ करून.”

पहार माझीच होती. पण तिनं इतक्या हक्कानं विचारलं की मीच ओशाळलो. “तरफ म्हणजे काय गो?” मी विचारलं.

ती माझ्याकडे बघतच राहिली. “तुमी दिवसभर तेच करून राह्यले अन् तुमाले नाव नाई माहीत?”

मग तिनं मला धडा शिकवला. विज्ञानाच्या पुस्तकात साधी यंत्रं सहा. तरफ, कप्पी, उतरण, पाचर, मळसूत्र, चाक आणि आस. ती बोटं मोडत गेली आणि मी माझ्या पेटीकडे बघत गेलो. पहार, कप्प्या, ट्रकला लावायची फळी, पाचरा, जॅक, विंच. सहाच्या सहा माझ्याकडे होती. माझ्या पेटीतल्या सामानावर शाळेत धडा आहे, परीक्षेत त्यावर प्रश्न येतो, हे मला वयाच्या अडतिसाव्या वर्षी कळलं. तो धडा माझ्या वेळी सातवीच्या पुढे असावा, किंवा मागच्या बाकावरून मला दिसला नसावा.

तिच्याकडे आणखी एक पुस्तक होतं. शाळेच्या पेटीतलं, कव्हर फाटलेलं, लेखकाचं नावही गेलेलं. जुन्या काळच्या रोमन लोकांनी काय काय बांधलं याची त्यात चित्रं होती. कमानींवरून गावात पाणी आणलं होतं, डोंगर फोडून सरळ रस्ते काढले होते.

“हे रोमन कुठले? वरोऱ्याकडचे?” मी मुद्दाम विचारलं.

“अवो काका!” तिनं कपाळावर हात मारला. “दोन हजार वर्षांपूर्वीचे हायेत ते. तिकडं, युरोपात. तुमी थट्टा करून राह्यले काय? हे पाहा, तुमचंच चित्र हाय.”

आणि खरंच होतं. दोन वासे वर टोकाला बांधलेले, मागे ताणाचे दोर, टोकाला कप्प्या, खाली दगड. आम्ही उभा करतो तसाच सांगाडा. फक्त विंचच्या जागी माणसाच्या दुप्पट उंचीचं एक लाकडी चाक होतं आणि चाकाच्या आत माणसं. ती चालायची, त्यानं चाक फिरायचं आणि दगड वर जायचा.

“हे लोकं दिवसभर चालत अन् कुठंच नाई पोचत,” प्रणाली म्हणाली. “संध्याकाळी तिथंच.”

मी त्या चित्रातल्या माणसांकडे बराच वेळ बघत होतो. चेहरे काढलेले नव्हते. पण त्यातला एखादा तरी घरापासून लांबचा असणार.

शनिवारी शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. तिला ते रोमन यंत्र करून न्यायचं होतं. लाकूड कुठलं मिळणार? तिनं तुराटी घेतली. तुरी झोडून झाल्या की उरतो तो दांडा, आमच्याकडे गवत तसा इथे घरोघरी पडलेला. आईच्या शिवणाचे रिकामे रीळ घेतले, ते झाले कप्प्या. सुतळीचा दोर. आमची दुपारची सुट्टी आणि तिची शाळा सुटणं यांचा मेळ बसायचा नाही, म्हणून ती कामाच्या वेळीच येऊन बाजूच्या ओट्यावर बसायची. रागवावं असं मला कधी वाटलं नाही. दिवसभरात माझ्याशी कामाशिवाय बोलणारं तेवढं एकच माणूस होतं.

एक गोष्ट तिला कुणी सांगितली नव्हती, पण तिला ठाऊक होती. प्रेसचा माथा फाटकाबाहेर गेला की राखायला काही उरणार नाही. मग चौकीदार नको आणि खोलीही नको. ते झरी जामणीकडे तिच्या मामाच्या गावी जाणार होते. तिथली शाळा चौथीपर्यंत. “माथा शनिवारनंतर काढजा ना काका,” ती एकदा म्हणाली. मी “बघू” म्हणालो. ठेकेदारानं गुरुवार ठरवून दिला होता.

प्रेसच्या डोक्यावर शेडचा जुना लोखंडी गर्डर होता. सोमवारी मी त्याला चेन-पुली लावून माथा वीतभर उचलून पाहिला. गर्डर हलला नाही. पण चेन-पुलीची साखळी जमिनीपर्यंत पुरेना. तेव्हा ठरलं की गर्डरला एक मोठी कप्पी बांधायची, दोर विंचला न्यायचा आणि उतरवायचं. माथा बाजूला ओढायला एक दोर लागतो, तो धरून जो उभा राहतो तो वजनाच्या सगळ्यांत जवळ. खानदेशात तिथे गणू होता. इथे मी नामदेवभाऊंना उभं करणार होतो. त्यांनी स्वतःच मागितलं होतं. “चौकीदारीत हात गंजले मुकादम, काहीतरी करू द्या.”

वाचणाऱ्याला आत्ताच दिसत असेल की मी तीच चूक पुन्हा करत होतो. मला दिसत नव्हतं. मी तर उलट जास्त काळजी घेतली होती. गर्डर ठोकून पाहिला होता, गंज खरवडून पाहिला होता. कुजकी तुळई आपण पुन्हा वापरायची नाही, एवढंच मी शिकलो होतो.

मंगळवारी दुपारी ओट्यावरून काडकन आवाज आला आणि मागोमाग पाणी सांडल्याचा. प्रणालीचं यंत्र मोडलं होतं. आडवी तुराटी मधोमध तुटलेली, पितळी लोटा घरंगळत गेलेला.

“तुराटी किडकी असेल,” मी म्हणालो.

“नाई काका. तिसरी हाय ही. किडकी नाई.” तिनं तुटलेलं टोक माझ्यासमोर धरलं. “हे पाहा, आतून चांगली हाय.”

मी त्या टोकाला हात लावून पाहिला, खानदेशातल्या तुळईला लावला होता तसा.

“मले समजलं काहून मोडते ते,” ती म्हणाली. “पाहा बरं.” तिनं विटांच्या दोन रचांवर नवी तुराटी आडवी ठेवली. लोटा पाण्यानं भरला आणि सुतळीनं सरळ तुराटीला टांगला. तुराटी वाकली, पण राहिली. “आता हा असाच ठेवला तर उद्यापर्यंत राह्यते. म्या ठेवून पाह्यला.” मग तिनं लोटा सोडला, तुराटीला तारेनं एक रीळ अडकवला, रिळावरून सुतळी घेतली. एका बाजूला लोटा, दुसरी बाजू तिच्या हातात. “आता म्या ओढतो.” लोटा जमिनीवरून उचलला गेला न गेला तोच तुराटी मोडली.

“लोटा तोच. तुराटी तशीच,” ती म्हणाली. “पण आधी तिले एकटा लोटा खाली ओढत होता. आता लोटाबी ओढून राह्यला अन् मीबी ओढून राह्यली. लोट्याएवढाच जोर लावतो म्या. म्हंजे तिच्यावर दोन लोटे झाले न?”

मी ओट्यावर बसलो.

“काय झालं काका? चक्कर आली काय?”

“नाही गो बाय,” मी म्हणालो. “पुढे सांग.”

पुढचं तिनं पुस्तकातल्या चित्रावरून शोधलं होतं. रोमन लोकांच्या सांगाड्यावर एक कप्पी कुठेच नव्हती. तीन होत्या, नाहीतर पाच. तिनं तीन रीळ बसवले, दोन वर आणि एक लोट्यापाशी. आता लोटा सुतळीच्या तीन पदरांवर लटकत होता. “तीन जणं मिळून धरून राह्यले त्याले. मले तिसरा हिस्सा ओढा लागते. म्हून तुराटीवर एक लोटा अन् वरून जरासं.” तिनं ओढलं. तुराटी वाकली. लोटा हळूहळू वर आला आणि तुराटी मोडली नाही.

कप्प्या वाढवल्या की माणसाचे कष्ट वाचतात, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. कप्प्या वाढवल्या की वरच्या तुळईचाही भार हलका होतो, हे मामाला ठाऊक नव्हतं. असतं तर त्यानं कारण सांगितलं असतं आणि मी ऐकलं असतं. की नसतं? कोण जाणे. तुळई कुजकी नव्हती. मी तिला काल एक चाक टांगलं होतं आणि आज दोन. एवढी वर्षं ज्या प्रश्नापासून पळत मी इतक्या लांब आलो होतो, त्याचं उत्तर एका पाण्याच्या लोट्यानं दिलं. समाधान म्हणावं तर पाय गणूचा होता. पण खरं सांगतो, काही तरी खाली उतरल्यासारखं वाटलं.

मी उठलो आणि गर्डरची कप्पी सोडायला लावली. ठेकेदार संध्याकाळी आला तो फाटकापासूनच ओरडत.

“अरे मुकादम, ये क्या? कप्पी क्यों उतारी?”

“पाच कप्प्यांवर घेणार. सामान वणीहून आणावं लागेल.”

“विंच है ना तेरे पास? विंचला काय आराम करायला आणली काय?”

“विंच ओढेल शेठ. गर्डर ओढू देणार नाही.”

“कल तक तो देत होता! कुणी सांगितलं तुला?”

मी ओट्याकडे बोट दाखवलं. ठेकेदारानं तुराटीचं यंत्र पाहिलं, प्रणालीला पाहिलं आणि मग मला. डोक्यावर परिणाम झालेल्या माणसाकडे बघतात तसं पाहिलं. शेवटी म्हणाला, “गुरुवारी माल गाडीवर पाहिजे. बाकी तू पाचशे कप्प्या लाव.”

बुधवारी एसटीनं वणीला जाऊन एका वर्कशॉपवाल्याकडून जड कप्प्यांची जोडी मागून आणली. वरच्या चौकटीत तीन कप्प्या, खालच्या चौकटीत दोन. गुरुवारी सकाळी नारळ फोडला. गाठ मीच मारली होती, पण पहिली भकल प्रणालीला दिली. त्या दिवशी ती शाळेत गेली नव्हती. मग मी माणसांना सांगितलं, “आज बोलायचा मान सगळ्यांचा. कुणालाही काही दिसलं, ऐकू आलं, तर ‘बस’ ओरडायचं. कारण मागाहून विचारू.”

“म्या बी?” ओट्यावरून प्रश्न आला.

“तू पण.”

माथा खांबांवरून सुटला. पाच पदर ताणले गेले. नामदेवभाऊ दोर धरून उभे. मी गर्डरकडे कान लावून होतो. माथा बाजूला आला, अर्धा खाली उतरला आणि जोरात आरोळी आली, “बस!”

चार टन हवेत थांबले.

“काका, कप्पीजवळ कबुतर बसलं! त्याचा पाय सापडन!”

ठेकेदारानं हिंदीत, मराठीत आणि मला न येणाऱ्या कुठल्या तरी भाषेत शिव्या दिल्या. नामदेवभाऊ दोर न सोडता लेकीकडे डोळे वटारत होते. मी मात्र हसलो. किती महिन्यांनी हसलो ते आठवेना. कबुतर उडवलं, उचल पुढे सुरू केली आणि दुपारी दोनच्या आत माथा जमिनीवर टेकला. कुणाचं नखही दुखावलं नाही. त्या माथ्याजवळ तिचा बाप उभा होता, हे तिच्या ध्यानात आलं की नाही मला माहीत नाही. मी तिला ते सांगितलं नाही.

आणि आता जे लिहायचं ते. माथ्याखालचे बोल्ट निघत नाहीत, असं मी ठेकेदाराला सांगू शकलो असतो. कप्प्या शुक्रवारी मिळतील, असंही सांगू शकलो असतो. दोन दिवस लांबलं असतं तर शनिवार उजाडला असता. एका शब्दाचं काम होतं. पण पुढचं काम याच ठेकेदाराकडे होतं आणि मी भितो, हे वर लिहिलंच आहे. जिनं मला वाचवलं, तिच्याच घराचं शेवटचं लोखंड मी ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी गाडीवर चढवलं.

शुक्रवारी त्यांनी खोली रिकामी केली. जाताना प्रणालीनं तुराटीचं यंत्र माझ्या हातात दिलं.

“तुमीच ठेवा काका. तिकडं कोनाले दाखवू?”

“प्रदर्शन उद्या आहे ना?”

“मी नाई न उद्या.”

नामदेवभाऊंनी हात जोडले. मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

शनिवारी मी धुतलेला सदरा घातला आणि ते यंत्र घेऊन तिच्या शाळेत गेलो. सातवीनंतर शाळेच्या दारातून आत जाण्याची ती पहिलीच वेळ. गुरुजींनी नावांची वही पाहिली आणि म्हणाले, “विद्यार्थी स्वतः हजर पाहिजे. बक्षिसासाठी धरता नाही येणार.” मी म्हणालो, “बक्षीस नको. नुसतं ठेवू द्या.” त्यांनी माझ्या हातातल्या लोट्याकडे पाहिलं आणि ओळीतलं शेवटचं बाक दाखवलं. मागचं बाक माझ्या सवयीचंच होतं.

तिनं पुठ्ठ्यावर लिहिलेलं नाव मी पुढे उभं केलं आणि दहापासून चारपर्यंत तिथे उभा राहिलो. पोरं यायची आणि मी सांगायचो. हे रोमन लोक, दोन हजार वर्षांपूर्वीचे. ही तरफ नव्हे, ही कप्पी. हा एक लोटा. आणि हे बघा, आता दोन लोटे. बरोबर नेलेल्या सगळ्या तुराट्या मोडून झाल्या. शाळेच्या शिपायानं कुंपणातून आणखी आणून दिल्या. एका लहान मुलीनं पुठ्ठ्यावरचं नाव वाचून विचारलं, “ही प्रणाली कुठं हाय?”

मी म्हणालो, “येईल.” दुसरं काय सांगणार?

त्या दिवाळीत मी घरी गेलो. मामीच्या दारावरून पुढे गेलो नाही, आत गेलो. गणू जाळं विणत बसला होता. मी त्याच्यासमोर दोन पाट उभे केले, वर काठी, तांब्या, सगळं करून दाखवलं आणि म्हणालो, “तुळई कुजकी नव्हती. मी चुकलो.”

गणूनं मोडलेली काठी हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली. “म्हंजे इतकी वर्षं मी त्या तुळईला शिव्या घातल्या,” तो म्हणाला, “त्या सगळ्या फुकट गेल्या की रं मेल्या!” मग त्यानं जाळ्याची एक गाठ मारली. नंतर म्हणाला, “त्या पोरीला नारळ नेऊन दे माझ्याकडनं.”

तो नारळ घेऊन मी झरी जामणीकडच्या त्या गावी गेलो. प्रणालीच्या मामांनी पाणी दिलं, बसायला खाट टाकली. ते तिघं कामाला आदिलाबादकडे गेल्याचं सांगितलं. पोरगी शाळेत जाते का, या प्रश्नाला त्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही आणि पुन्हा विचारायचा धीर झाला नाही. नारळ मी त्यांच्या देवापुढे ठेवून आलो.

आता माझं काम बंद आहे. गुडघे ऐकत नाहीत. गावी घर आहे, पण मी अजून याच जिल्ह्यात, एका खोलीत राहतो. गणू दर वेळी फोनवर विचारतो, कशासाठी थांबलायस? तुराटीचं ते यंत्र माझ्या पेटीत आहे. सुतळी दोनदा बदलली. रीळ तिचेच आहेत. जड कप्प्यांची ती जोडीही त्या वर्कशॉपवाल्याकडून विकत घेऊन ठेवली आहे, तेल देऊन.

प्रणाली, आता तू मोठी झाली असशील. तू कुठेही, कधीही घर बांधायला काढलंस तर त्याच्या दारावरचा दगड दुसऱ्या कुणाला चढवू देऊ नकोस. वणीला त्या वर्कशॉपवाल्याकडे निरोप ठेव. गुडघे कसेही असोत, मी येईन आणि पाच कप्प्यांवर चढवून देईन. या वेळी घाई करणार नाही. तू ‘बस’ म्हणशील तिथे थांबेन.